लाल टिंबं

ठाकूरद्वारच्या एका वाडीत काकांच्या बाहेरच्या खोलीत मी चार वर्षं राहिलो. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. तालुक्याच्या शाळेत भजनाच्या तासाला पेटी शिकलो होतो, तेवढ्या भांडवलावर दादरला नोकरी मिळाली. गाण्याच्या क्लासची पुस्तकं तयार करणारं एक छोटं ऑफिस होतं, तिथं मी संगणकावर स्वरलिपी टाइप करायचो. मुंबईत माझं कोणी नव्हतं; काकाही नात्यातले नव्हते, खोली देणारे म्हणून मी त्यांना काका म्हणायचो. काकांनी पहिल्याच दिवशी किल्ली हातावर ठेवली आणि म्हणाले, "पेटी येते म्हणतोस ना? मग भांडणं होणार आपली."

काका बँकेतून निवृत्त झालेले. तरुणपणी संध्याकाळी ऑर्केस्ट्रात अकॉर्डियन वाजवायचे. काकू महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होत्या आणि गायच्या. मी राहायला आलो त्याच्या दोन वर्षं आधीच त्या गेल्या होत्या. त्यांनी रचलेली आणि काकांनी चाल लावलेली एकोणीस गाणी एका जाड वहीत होती. दोघं ती वाडीतल्या गणपतीत म्हणायची. एक कॅसेट होती, पण तिला बुरशी लागली होती. उरली होती ती वहीच.

काकांना काचबिंदू होता. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की नजर हळूहळू जाणार. "जाईपर्यंत तिची गाणी बघून वाजवीन म्हणतो," ते म्हणाले, "पण ही बारीक अक्षरं आता मुंग्यांसारखी पळतात."

मी म्हटलं, मी मोठ्या अक्षरात करून देतो. त्यांच्या उपकाराची थोडी तरी फेड होईल असं मला वाटलं. मोबाइलवर एकेका पानाचा फोटो घेतला. कागद पिवळा पडला होता. अक्षर ठळक दिसावं म्हणून फोटो काळ्या-पांढऱ्यावर ठेवले. ऑफिसात मालकांना विचारून जेवणाच्या सुट्टीत टाइप करायला बसलो.

पहिलं गाणं छापून आणलं तेव्हा काकांनी भिंग लावून पाहिलं आणि कागद परत दिला. सॉफ्टवेअर कॉर्डची, म्हणजे एकत्र दाबायच्या सुरांच्या गटांची, नावं इंग्रजी अक्षरांत छापत होतं.

"हे काय रे? सी, डी, एफ. आख्ख्या वर्गाचा निकाल लावलास की! माझे गोल कुठायत?"

वहीत कॉर्डसाठी काकांची स्वतःची खूण होती. कॉर्डचा मूळ सूर पेटीच्या पांढऱ्या पट्टीवर असेल तर पोकळ गोल, काळ्या पट्टीवर असेल तर भरलेला गोल, शेजारी पट्टीचा आकडा. कॉर्ड मायनर, म्हणजे कोमल गंधाराची, असेल तर गोलाखाली आडवी रेघ. पन्नास वर्षं त्यांचे डोळे हेच वाचत आले होते. आता नजर जाताना त्यांनी नवीन लिपी शिकावी, ही अपेक्षाच चुकीची होती.

सॉफ्टवेअरमध्ये कॉर्डची खूण बदलायची सोय असते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. शोधून ती सापडली, पण आठ-दहा दिवस मी त्या सेटिंगच्या खिडकीतच अडकलो. आधी मराठी आकड्यांच्या जागी रिकामे चौकोन उमटले. मग आकडे आले, पण गोलापासून लांब जाऊन बसले. रेघ कधी गोलाला चिकटायची, कधी खालच्या शब्दांवर चढायची. एकेक कॉर्ड धरून मी गोल, आकडा, रेघ जागेवर बसवत गेलो. शेवटी की-बोर्डवर इंग्रजी नाव टाइप केलं की पडद्यावर काकांची खूण उमटायला लागली. त्या दिवशी मी डबा खायचा विसरलो.

एकोणीस गाणी टाइप व्हायला पावसाळा गेला. फोटोंमध्ये जागोजागी काळे ठिपके होते. काही शाईचे, काही पानाच्या डागांचे. स्वच्छ काम करायचं म्हणून मी ते सोडून दिले.

सगळी पानं पाहून काका फार खूश झाले. दोनदा विचारलं, "सगळं उतरलं ना?"

"सगळं, काका."

"मग वही पोचवू या. वाळवीने खाण्यापेक्षा बरं. आणि रद्दीत नाही द्यायची हां, सरस्वती आहे."

त्यांच्या घरातली ही रीत होती. जीर्ण पोथ्या आणि गाण्याच्या वह्या समुद्रात सोडायच्या. भरतीची वेळ बघून आम्ही चौपाटीवर चालत गेलो. त्यांनी वहीवर हळद-कुंकू वाहिलं. त्यांचा तोल जाईल म्हणून वही मी हातात घेतली, आणि मीच पाण्यात सोडली.

पुढच्या रविवारी सकाळी अंघोळ करून काका पेटीपुढे बसले. समोर मोठ्या अक्षरातली पानं. पहिल्या दोन ओळी सुरेख वाजल्या. तिसऱ्या ओळीत त्यांनी भाता थांबवला. पान डोळ्याजवळ नेलं, लांब धरलं, मग उजेडाकडे केलं.

"टिंबं कुठायत?"

"कुठली टिंबं?"

"लाल. तिची. कॉर्डच्या उजव्या खांद्यावर असायची."

मी पान त्यांच्या हातातून घेतलं. काकाच सांगत राहिले. काकूंना दमा होता. ओळीच्या मध्येच कुठेतरी त्यांना श्वास घ्यावा लागायचा. काका तालावर पुढच्या कॉर्डवर जायचे आणि त्या मागे राहायच्या. एकदा कार्यक्रमात फजिती झाली, तेव्हा काकूंनी शाळेतली पेपर तपासायची लाल पेन्सिल घेतली आणि जिथं जिथं थांबायचं तिथं टिंब दिलं. टिंब म्हणजे, माझा श्वास होईपर्यंत पुढे जाऊ नका.

"नवऱ्याचा पेपर तपासला बाईने," काका हसले. मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून हसायचे थांबले. "फोटोत असतील ना?"

फोटोत होती. पण काळी. फोटो घेताना लाल रंगाकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. शाईचे डाग, कागदावरचे डाग आणि काकूंचे श्वास, सगळं एकाच रंगाचं झालं होतं.

काका मला एक शब्दही रागाने बोलले नाहीत. चहा टाकायला ते आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

मी कॉर्डच्या खुणेत लाल टिंबाची सोय केली. ते काम अर्ध्या तासाचं होतं. मग मी ऑफिसातून लॅपटॉप मागून आणला; दर रविवारी काका वाजवायचे, काकूंची ओळ गुणगुणायचे, आणि थांबायची जागा आली की हात वर करायचे. मी तिथला फोटोतला ठिपका बघायचो आणि टिंब द्यायचो. एक गाणं तीन-तीन रविवार चालायचं.

एकदा मी टिंब दिलं आणि पुढे गेलो, तर म्हणाले, "थांब. ते काढ."

"का? ठिपका आहे फोटोत."

"असेल. पण इथं ती नव्हती थांबत. आत्ता मीच दमलो."

त्यानंतर त्यांना स्वतःची खात्री वाटेनाशी झाली. हात अर्धा वर जायचा आणि खाली यायचा. मी एकदा सुचवलं की उरलेली टिंबं अंदाजाने देऊ या. ते पहिल्यांदाच कडक आवाजात म्हणाले, "अंदाजाने नको. ते तिचं राहणार नाही."

पाच गाणी झाली. होळीनंतर त्यांना पान दिसेनासं झालं.

पुढे ते आठवणीनेच वाजवायचे. एका रविवारी सहावं गाणं चाललं होतं. चौथ्या ओळीत एका भरलेल्या गोलाआधी ते थांबले. भाता धरून ठेवला, सूर लांबला, आणि मग ते पुढच्या कॉर्डवर गेले. मी घाईने लॅपटॉप उघडला. त्यांना आवाज कळला.

"लिहितोयस?"

"लिहू का?"

त्यांनी तीच ओळ पुन्हा वाजवली. या वेळी कुठेही थांबले नाहीत. मग तिसऱ्यांदा वाजवली आणि तिथं आल्यावर दोन्ही हात पट्ट्यांवर तसेच ठेवून बसले.

"नको," ते म्हणाले. "मघाशी मला खोकला येत होता."

मी लॅपटॉप मिटला. सहाव्या गाण्यात टिंब नाही. पुढच्या तेरा गाण्यांतही नाही.