आबांच्या जबड्यातली दुसरी प्लेट

सुरतेच्या डेंटल कॉलेजात जबड्याची सर्जरी शिकत होते, तेव्हा माझा उद्योग एकच होता: जबडे मोडायचे. प्लॅस्टिकचे हो. कोपऱ्यावर करवतीनं कापायचे, काहींना धातूची एक प्लेट, काहींना दोन प्लेट्स स्क्रूनं बसवायच्या आणि मशीनखाली दाबायचे. मशीन मूळचं सुताची ताकद मोजायचं. सुरतेत दुसरं काय मिळणार. दाबल्यावर कापाच्या जागी फट जितकी कमी, तितकी जोडणी पक्की. दोन प्लेट्स जास्त पक्क्या निघाल्या, पण रोजच्या चावण्याला एकही पुरते, असं माझं आणि मला शिकवणाऱ्या सरांचं मत झालं. शिवाय जबड्याच्या खालच्या कडेला दुसरी बसवताना ओठाला संवेदना देणारी शीर दुखावायची भीती असते.

त्याच सुमारास बमरोलीच्या कारखान्यात लूमवरचा धोटा, आडवा धागा नेणारा तो टोकदार लाकडी ठोकळा, उडाला आणि आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, जबड्यावर बसला. आम्ही मूळचे धुळ्याकडचे, आबांचा सारा जन्म लूमवर गेलेला. तर हा माणूस गालाला रुमाल बांधून मुकाट ओपीडीच्या रांगेत उभा. पोरगी त्याच इमारतीत डॉक्टर आणि हे केसपेपर काढताहेत. मी तिथंच फैलावर घेतलं. "तुन्हा काममा खोळंबा नको," दात न उघडता म्हणाले.

एक्स-रेत जबडा कोपऱ्यावरच मोडलेला पाहून सर म्हणाले, "एक प्लेट. तुम्हीच तर दाखवून दिलंय."

मी हो म्हटलं. मग आबांचे पुढचे दात तपासताना मीच थांबले. त्यांच्या दाताला खाच आहे. तुटलेल्या धाग्याला गाठ मारली की उरलेलं टोक ते दातानं तोडतात, मानेला बाजूला हिसका देऊन. कात्री गळ्यात असते, ती गळ्यातच राहते. आमच्या मशीननं जबडा वरून दाबला होता, पिळला कधीच नव्हता. मी एका प्लेटचा नमुना हातात घेऊन तसाच हिसका दिला. खालच्या कडेला फट उघडली. दोन प्लेट्सचा जागचा हलला नाही.

सरांना दाखवलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं, "मग त्यांना सांगा, धागा तोंडात घालू नका."

सांगितलं. आबांनी शपथ घेतली. संध्याकाळी वॉर्डात गेले, तर चादरीचा सुटलेला धागा आबांच्या दातांत. तोही मोडक्या जबड्यानं. हिसका दिला आणि वेदनेनं डोळ्यांत पाणी आलं. "ध्यान नही ऱ्हायनं," पुटपुटले. जित्याची खोड, दुसरं काय. मला हसू आलं आणि रडूही.

मग पलंगावर बसून सगळं नीट सांगितलं. एकच प्लेट बसवली आणि ती ढिली झाली, तर पुन्हा ऑपरेशन, कदाचित जबडा वाकडा. दुसरी बसवली, तर ओठ बधिर होऊ शकतो, कधी कधी कायमचा.

"तू सांगशी ते," आबा म्हणाले.

मी दोन सांगितल्या. सरही शेवटी तयार झाले.

आज आबा पुन्हा लूमवर आहेत. धागा दातानंच तोडतात, जबडा खणखणीत आहे. खालच्या ओठाची डावी बाजू मात्र बधिर राहिली ती राहिलीच. मला फार वाईट वाटतं, आणि तरी उद्या पुन्हा विचारलं तर मी दोनच सांगीन. आबा चहा पिताना मध्येच थांबतात आणि माझ्याकडे बघतात. "सांडना का माय?"

बहुतेक वेळा चहा सांडलेला असतो. मी ओढणीनं त्यांची हनुवटी पुसते आणि नाही म्हणते.