भर वैशाखात पंख्याला गोधडी

हसायचं असलं तर आत्ताच हसून घ्या बरं का, मंग चहा सांडंल अंगावर! पंखा बिघडवणारी माणसं तुमी पुष्कळ पाह्यली असतील. पण भर वैशाखात, कुरुंद्यासारख्या गावात, पंख्याला थंडी वाजली असंल म्हणून त्याच्या अंगावर गोधडी टाकणारा इसम पाह्यलाय कधी? न्हाई? मंग नीट बघून घ्या. तुमच्यासमोरच बसलाय.

निजामाच्या राजवटीतली गोष्ट, दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची. मी तवा हिंगोलीच्या एका जिनात कामाला होतो. कापसातून सरकी काढायचा कारखाना हो! तिथं वाफेचं इंजिन होतं, हे एवढं थोरलं. माझं काम त्याला तेल घालायचं. झारी घ्यायची, तेल सोडायचं, फडक्यानं पुसायचं, बस. पण लग्न जमवताना आमच्या मामानं कुरुंद्याला सांगून ठेवलं होतं की पोरगा इंजिन चालवतो, त्याच्याबिगर जिन हलत न्हाई. सासरच्यांचा विश्वास बसला. मी तरी काहून मोडू? तुमी मोडला असता?

त्यात त्या साली एक कमाल झाली. बॉयलरपासून इंजिनापर्यंतचा वाफेचा नळ उघडाच होता. जवळून जाताना अंग भाजायचं. मी सहज साहेबाला म्हणलं, "साहेब, ही आच फुकट हवेत चालली. नळाला काथ्या गुंडाळू, वरून शेणमाती लिंपू." लिंपलं. आन काय सांगावं, लाकूड कमी लागाया लागलं, इंजिन जोमात! साहेबानं सगळ्यांदेखत माझी पाठ थोपटली.

थोपटली पाठ, पण हवा गेली डोक्यात. त्या दिवसापासून मला जिकडं तिकडं आच वाया जाताना दिसू लागली. घरात चूल लिंपली, आंघोळीचा बंब लिंपला. आमची गोदा, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "आता मला लिंपू नका, म्हणजे झालं!"

तर वैशाखात सासऱ्यांनी आमाला रसाला बोलावलं. नवा जावई, आंब्याचे दिवस, बोलावणं आलंच पायजे. पण खरं कारण निराळं होतं. माझी मेहुणी शांता, तिला बघायला गोरेगावचे पाव्हणे येणार होते. पोरगा शाळेत मास्तर. गोदानं मला वाटंतच कानात सांगितलं, "शांतीला तो पसंत हाय. औंढ्याच्या जत्रंत तिनं लांबून पाह्यलाय त्याला. आईला बोलू नका हं."

"मंग घोडं कुठं अडलं?"

"पोराच्या बापात अडलंय."

पोराचा बाप म्हणजे आबाराव. माणूस दिलदार, पण अंगानं ऐसपैस, आन उकाडा म्हणलं की जीव घाबरा. आदल्या उन्हाळ्यात एका घरी पोरगी बघायला गेले, तिथं खोलीत वारा न्हाई. पोरगी बाहेर यायच्या आधीच हा गडी उठला, "जीव गुदमरून राहिला माझा!" म्हणून जोडे घालून चालता झाला. ते जुळलंच न्हाई. आता वैशाखातलं कुरुंदा आन दुपारची वेळ! शांताचं नशीब वाऱ्यावर होतं म्हणा ना.

पण सासरे हुशार. गावात त्यांना सगळे आप्पा म्हणायचे. आप्पांनी खास हैदराबादहून रॉकेलवर चालणारा पंखा आणला होता. तुमी लोकांनी पाह्यला नसंल. वीज तर तवा गावात नव्हतीच. उंच लोखंडी घोडी, खाली चिमणीसारखा दिवा, त्याच्या वर एक जाड नळकांडं, आन नळकांड्याच्या माथ्यावर पितळी पात्यांचा पंखा. दिवा लावायचा, नळकांड्याचं बूड तापलं की पात्याला बोटानं जरासा धक्का द्यायचा. झालं, पंखा फिरायला लागतो! आत वाफ न्हाई, पाणी न्हाई. कोंडलेली हवा गरम होऊन फुगते, गार होऊन आकसते, त्याच्यावरच सगळं चालतं. हे मला आता कळतंय हं! तवा मी नुसती मान हलवली.

पंखा झकास चालू होता. सासरे समोर बसून नळकांड्याच्या माथ्यावर ओलं फडकं फिरवून राहिले होते.

"हे काय आप्पा? त्याला आंघोळ घालून राहिलात काय?"

"न्हाई, म्हणजे... दुकानदार म्हणला होता..."

मी माथ्याला हात लावला. चटका! झालं, आमच्या अंगात जिन संचारलं. "आप्पा, इथून सगळी आच पळून राहिली! तुमी वरून पाणी लावता, म्हणजे रॉकेल खाली जाळायचं आन वर विझवायचं! माथा लिंपून टाकू. पंखा दुप्पट फिरला न्हाई तर नाव बदलून ठेवा."

सासऱ्यांनी तोंड उघडलं. मंग मिटलं. "जावईबापू म्हणतात तर बराबरच असंल."

आता इथंच सगळी गोम हाय बघा. आमच्याकडं नव्या जावयाला न्हाई म्हणायची रीत न्हाई. त्यानं ताटात मीठ जास्त हाय म्हणलं तर सासू ताट बदलते, आन मीठ कमी हाय म्हणलं तरी ताटच बदलते. जावयानं उद्या घराला शेपूट लावा म्हणलं, तर घरातले किती लांब लावू एवढंच इचारतील.

मी नुसतं शेणमाती म्हणलं, तर टोपलं हजर. कापूस म्हणलं, तर उशी फाडून आणला. सासूबाई माझ्यासमोर येत नसत, त्यांनी दाराआडून गोदाला सांगितलं, "शुभकार्य हाय म्हणावं, त्याच्यात हळद टाका." कुरुंद्यात हळदीला काय तोटा? मूठभर म्हणता म्हणता ओंजळभर पडली. नळकांड्याच्या माथ्याला कापूस, कापसावर चिंध्या, चिंध्यांवर पिवळीधमक शेणमाती. फक्त पाती तेवढी उघडी ठेवली.

एकटी गोदाच हळूच म्हणाली, "अवो, चालत होता नं तो? मंग काहून हात लावता?"

"तुला इंजिनातलं काय कळतं?"

"मला तुमच्यातलं कळतं ना!"

पाव्हणे यायच्या दिवशी सकाळी मी सगळ्यांसमोर दिवा लावून पंखा चालवून दाखवला. भर्रर्र! पान खाऊन होईस्तोवर चालवला आन बंद केला. "बघा!" खरं तर आधी फिरायचा तेवढाच फिरला होता, पण सगळे म्हणले, "दुप्पट! दुप्पट!" म्हणायलाच पायजे होतं की, जावई होतो ना मी!

दुपारी वसमत स्टेशनावरून बैलांची दमणी आली. आबाराव उतरले. अंगरखा भिजलेला, चेहरा लालबुंद, हातातल्या उपरण्यानं वारा घेत ओसरीवर आले. मागून पोरगा, मान खाली घालून. आन ओसरीत पंखा फिरून राहिलेला!

आबाराव धपकन त्याच्यासमोर बसले. डोळे मिटले. "वा! आप्पा, हे काय इंद्राचं घर का काय?"

"समदं आमच्या जावयाचं काम," सासरे म्हणले. "त्यांनी त्याच्यात सुधारणा केली."

माझी छाती ही एवढी! दाराच्या फटीतून शांता बघत होती. तिनं माझ्याकडं असं पाह्यलं की मी तिचा देवच.

पन्हं आलं. शेतीपाण्याचं बोलणं निघालं. आन मला वाटलं, पात्याचा आवाज जरा उतरला का काय? भर्रर्रचं फरफर झालं. फरफरचं फर... फर... झालं. आबारावांनी एक डोळा उघडला.

"काय न्हाई, वात खाली गेली असंल," म्हणून मी वात वाढवली. पंखा अजून मंद! अजून वाढवली. खालून काळा धूर, आन वर पाती मोजता येतील इतकी हळू. शेवटी एक पातं माझ्याकडं तोंड करून थांबलं. मी बोटानं धक्का दिला. अर्धा फेरा, पुन्हा थांबलं.

आबारावांच्या कपाळावर घाम. त्यांनी दोन्ही डोळे उघडले आन दारात काढलेल्या आपल्या जोड्यांकडं पाह्यलं. जोड्यांकडं हो! दाराआड बांगड्या किणकिणल्या, शांतानं तोंडाला पदर लावला होता.

"पाव्हणं," आबाराव म्हणले, "जीव गुदमरून..."

"बसा बसा! कळलं मला!" मी ओरडलो. काय कळलं होतं, कप्पाळ! पण माझ्या डोक्यात एकच खिळा ठोकलेला, आच पळून राहिली. "लिंपण पातळ पडलं! त्याला ऊब कमी पडतीया. गोधडी आणा!"

आप्पा बघतच राहिले. "गोधडी? पंख्याला?"

"जाड आणा!"

आली की गोधडी! जावयानं मागितली होती, इचारणार कोण? मी तिची घडी करून नळकांड्याभवती गच्च गुंडाळली आन वर हातानं दाबून धरली. आबाराव, त्यांचा पोरगा, गडी, सगळे आ वासून बघायले. बाहेर कावळे चोची उघडून बसलेत, आन मी पंख्याला पांघरूण घालून इचारतोय, "कसं वाटतंय आता?"

तेवढ्यात वास आला. गोधडीचं खालचं टोक दिव्यावर गेलं होतं. आधी धूर, मंग जाळ!

"जळालं! जळालं!" सगळे उठले. आन मी? मी गोधडी सोडंना! "कुणी काढू नका! आत्ता कुठं गरम होऊन राहिलाय!"

पोरगी बघायच्या रीतीप्रमाणं शांतानं हाक आल्यावर यायचं, मान खाली घालून पाटावर बसायचं. ती कुठली बसते! पदर खोचून, भरलेली घागर घेऊन धावत बाहेर आली. एका हातानं गोधडी हिसकली, तिचा झटका पात्याला बसला, आन दुसऱ्याच क्षणी अख्खी घागर पंख्याच्या माथ्यावर रिकामी केली.

मंडळी, तो पंखा असा सुटला! असा सुटला म्हणता! खालून बूड मरणाचं तापलेलं, वरून माथ्यावर विहिरीचं गार पाणी, त्याला पायजे होतं तेच मिळालं. तवा कुठं माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. ह्या यंत्राचं एक टोक गरम लागतं आन दुसरं गार लागतं, तरच ते फिरतं. मी बेट्यानं दोन्ही टोकं गरम करून ठेवली होती!

पण ते इचार करायला सवड कुठं होती? माथ्यावरचं लिंपण पाण्यानं सुटलं, पात्यांत गेलं, आन ओसरीभर पाण्याचा, शेणाचा आन हळदीचा सडा पडला. आप्पांच्या पागोट्यावर, भिंतीवर, माझ्या तोंडात. आबारावांच्या पांढऱ्या अंगरख्यावर. आन मास्तराच्या दोन्ही गालांवर.

दिवा विझला होता. पंखा दमादमानं थांबला. शांता रिकामी घागर कवटाळून उभी, आता रडते का मग रडते अशी. लग्न मोडलं, आन मी मोडलं! मला वाटलं, जिनातल्या बॉयलरमध्ये जाऊन बसावं.

आबारावांनी आपल्या अंगरख्यावरून बोट फिरवलं. वास घेतला. "हे पिवळं काय हाय?"

"हळद," आप्पा पुटपुटले.

आबारावांनी मास्तराकडं पाह्यलं. मास्तर खाली मान घालून गदगदा हलत होता. मला वाटलं रडतोय. पण तो हसून राहिला होता! चोरून शांताकडं बघायचा, आन पुन्हा हसायचा.

आबाराव मोठ्यानं म्हणले, "आप्पा, माझ्या पोराला तुमच्या घरी हळद लागली! हळद लागलेला पोरगा परत घेऊन जाऊ कसा मी? गाव काय म्हणंल?" मंग हसायला लागले, पोट धरधरून. "आन पोरगी तर लाख हाय! आमी सगळे गडी बोंबलत उभे, हिनं घागर आणली. शिवाय, खरं सांगू का? अंगावर पाणी पडल्यावर आत्ता कुठं मला बरं वाटून राहिलंय!"

दाराआड सासूबाईंनी देवाचं नाव घेतलं. शांता लाजून घागरीसकट आत पळाली. मी आपला तोंडातलं शेण थुंकून आप्पांना म्हणलं, "आप्पा, तो दुकानदार काय म्हणला होता हो?"

"तेच की, माथा गार ठेवा म्हणून."

"मंग सांगितलं काहून न्हाई?"

"जावईबापू," आप्पा कळवळून म्हणले, "तुमाला कसं सांगावं?"

"एक अट हाय मात्र," आबारावांनी माझ्याकडं बोट केलं. "लग्नात ह्या पाव्हण्यांनी कशालाच हात लावायचा न्हाई. मानपान सगळा द्या, पण हात न्हाई!"

सगळे हसले. मला वाटलं, थट्टा करून राहिलेत.

लग्न लागलं त्या दिवशी मला मांडवात सगळ्यात उंच लोडाला बसवलं. डाव्या बाजूला गोरेगावचा एक पैलवान, उजव्या बाजूला दुसरा. पाणी पाजायला माणूस, विडा भरवायला माणूस. मला वाटलं, केवढा हा मान! मंगलाष्टकं सुरू झाली, बाकीच्यांसारख्या मी पण अक्षता घेतल्या. शेवटचं 'सावधान' झालं, टाकायला हात वर केला, आन आबाराव भर मांडवात ओरडले, "अरे, धरा त्यांचा हात!"