कॅन धुणाऱ्याची बदनामी

लाज वाटावी असे किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही, ते आपोआप साठतात. पॉटलकला, म्हणजे ज्यानं त्यानं एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, एकानं त्याचा सांगितला की दुसऱ्याला त्याचा आठवतो, तिसरा "ए, ते पाण्याचं सांग ना यार!" म्हणून डिवचतो, आणि ज्याची अब्रू गेलेली असते तो भात वाढून घ्यायच्या निमित्तानं उठतो. आमच्या ग्रुपमध्ये तो उठणारा माणूस मी.

* * *

आधी ओळख करून देतो. आम्ही डॅलसच्या शेजारी, अर्विंगला राहतो. माझी बायको प्राजक्ता घरी बिअर करते. तुम्ही बरोबर वाचलंत, बायको करते. ती पुण्याची, मायक्रोबायॉलॉजी शिकलेली, आता सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये. शिकलेलं वाया जातंय म्हणून तिनं यीस्ट पाळलं. नागपूरचा सचिन तिचा पार्टनर, म्हणजे चव घेणारा. मी थेंबही पीत नाही. मी धुतो.

बिअर करणं म्हणजे मुख्यतः धुणंच असतं. पातेली धुवा, नळ्या धुवा, पिंप धुवा. त्यात गेल्या वर्षी प्राजक्तानं कॅन बंद करायचं मशीन आणलं. कॅनमध्ये बिअर भरायची, फेस काठापर्यंत आला की वर झाकण ठेवायचं, मशीनचा दांडा ओढायचा, की झाकणाची कड कॅनभोवती घट्ट वळते. दुकानातल्यासारखा कॅन तयार! तेव्हापासून मी कॅनही धुतो.

एका बार्बेक्यूला एक अमेरिकन शेजारी माझ्याकडे आला, माझा हात घट्ट दाबला आणि म्हणाला, "यू आर द ब्रूअर! व्हॉट हॉप्स डू यू यूज?"

हॉप्स म्हणजे बिअरमध्ये घालायची कडू फुलं, एवढंच मला ठाऊक. मी म्हणालो, "यू शुड आस्क माय वाइफ. आय अॅम इन डिशेस."

त्यानं सहानुभूतीनं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि माझ्या बायकोकडे गेला.

* * *

आता ते पाण्याचं.

नवं मशीन नीट झाकण लावतंय की नाही हे बघायला आधी साधं नळाचं पाणी भरून कॅन बंद करतात, उलटे ठेवतात आणि कुठून गळतंय का ते बघतात. प्राजक्तानं तसे डझनभर कॅन केले. एकही गळला नाही. मी नीटनेटका माणूस, ते पुसून शेल्फवर ठेवले. बिअरच्या कॅनच्या शेजारी. लेबल तेव्हा आम्ही लावत नव्हतो.

तिच्या मॅनेजरकडे, ग्रेगकडे पार्टी होती. ग्रेग बिअरमधला दर्दी समजला जातो. "सहा कॅन बॅगेत भर," ती म्हणाली. मी भरले.

ग्रेगनं उघडला, घोट घेतला, डोळे मिटले. आम्ही सगळे श्वास रोखून!

"वॉव," तो म्हणाला. "सो क्लीन!"

मग त्याच्या बायकोनं घेतला. "व्हेरी लाइट," ती म्हणाली. प्राजक्तानं स्वतःचा कॅन तोंडाला लावला आणि तिचा चेहरा पांढरा पडला. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी ग्रेगच्या कुत्र्याकडे पाहिलं.

ग्रेगनं पूर्ण कॅन संपवला. तो अतिशय सभ्य आहे की त्याला खरंच काही कळलं नाही, हे आम्हाला आजही माहीत नाही. निघताना तो तिला दारापर्यंत सोडायला आला आणि म्हणाला, "डोन्ट चेंज अ थिंग!"

* * *

उन्हाळ्यात सांगलीहून माझी आई आली.

माझी आई आणि दारू यांच्यात माझा मामा आहे. तिचा धाकटा भाऊ. तो पिऊन पिऊन गेला. त्यामुळे आमच्या घरात हा विषय नाही, आणि मी पीत नाही याचा तिला केवढा अभिमान! "आमच्या मिलिंदनं चहासुद्धा नोकरी लागल्यावर घेतला," हे ती ओळख झाल्यावर दुसऱ्या वाक्यात सांगते.

ती येण्याआधी आम्ही मशीनवर जुनी चादर टाकली, कॅन गॅरेजमध्ये खोक्यांमागे लपवले. पण शेवटचा घाणा सचिननं घाईत बंद केला होता. आतलं यीस्ट अजून कामावर होतं, आणि वर टेक्सासचा उन्हाळा! कॅन फुगले आणि एकेका झाकणाच्या कडेतून वाफ सुटल्यासारखे सुस्कारे टाकायला लागले.

आई हॉलमध्ये मालिका बघत होती. गॅरेजमधून आवाज आला, फुस्स!

"प्राजक्ता, एक झाली गं!"

थोड्या वेळानं पुन्हा फुस्स. "दुसरी!"

मग तिसरी झाली. "आता गॅस बंद कर बाई!" प्राजक्ता गॅरेजमध्ये ओला टॉवेल घेऊन खोक्यांवर पालथी पडली होती, तिथूनच ओरडली, "हो आई, केला!"

फुस्स!

"अगं, चौथी! डाळीचा पार लगदा होईल!" म्हणत आई स्वतःच उठली आणि स्वयंपाकघरात गेली. शेगडी थंड होती. कुकर कपाटात होता.

* * *

आवाजाचा माग काढत आई गॅरेजच्या दारात पोचली तेव्हा मीही मागून धावत आलो होतो. जमिनीवर फेस, हवेत तो वास, प्राजक्ता टॉवेलसकट खाली बसलेली आणि मदतीला बोलावलेला सचिन एक फुटका कॅन वाया जाऊ नये म्हणून तोंडाला लावून उभा.

आईनं प्राजक्ताकडे बघितलं. मी पुढे झालो, टॉवेल ओढून घेतला आणि म्हणालो, "आई, हे माझं आहे."

का म्हणालो? सांगलीत मुलगा पितो हे दुःख असतं, पण सून बिअर करते ही बातमी असते. दुःख चार दिवसांत निवतं, बातमी गावभर फिरते. एवढाच हिशेब मी त्या क्षणी केला.

आईनं पदर नाकाला लावला. बोलला सचिन. मिशीवरचा फेस पुसून म्हणाला, "हो ना काकू. मी सांगून सांगून थकलो याला, पण ऐकतच नाही ना बाप्पा!"

* * *

आईला दुःख झालं की ती बेबीमावशीला फोन करते. बेबीमावशी म्हणजे तिची मिरजेतली धाकटी बहीण. बेबीमावशीला फोन करणं आणि गावात रिक्षावर कर्णा लावून फिरणं यात फारसा फरक नाही.

दुसऱ्या दिवशी फॅमिली ग्रुपवर यकृताची चित्रं यायला लागली. एका काकांनी चूर्ण कुरिअर करायला पत्ता मागितला. कोल्हापूरच्या चुलतभावानं, बंड्यानं, मोठा व्हॉइस मेसेज पाठवला. "दादा, अजून वेळ गेलेली नाही. आईकडे बघ. मन घट्ट कर. आम्ही सगळे तुझ्या पाठीशी आहोत." ऐकून माझे डोळे भरून आले. मेसेजच्या शेवटी मागून वेटरचा आवाज होता, "साहेब, रिपीट?"

* * *

आईनं पार्कात संध्याकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींनाही सांगितलं. मुलांकडे सहा महिन्यांसाठी आलेले हे सगळे आई-वडील, त्यांना दुसरं काम काय! त्यातले निवृत्त बँक मॅनेजर कुलकर्णीकाका मला समजवायला घरी आले.

फार छान बोलले. व्यसन कसं लागतं, संसार कसा मोडतो, सगळं. मी मान खाली घालून ऐकत होतो. न केलेल्या गुन्ह्याचीही खरीखुरी लाज वाटते, हे मला त्या दिवशी कळलं. माझे कान तापले होते.

"पहिली पायरी म्हणजे," काका म्हणाले, "घरात साठा ठेवायचा नाही. आहे का काही शिल्लक?"

"आहे थोडी."

"दे इकडे. मी नेतो."

मी दोन पिशव्या भरून दिल्या. पुढच्या शनिवारी काका पुन्हा आले, सोफ्यावर टेकले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "मिलिंद, तू अजून पूर्ण सोडली नसशीलच. इतक्यात सुटत नाही ती. नवीन काही केलीस का?"

* * *

इथवरचं हसण्यावारी नेता आलं. पण एका दुपारी प्राजक्ता बेडरूममध्ये आली, दार लावलं आणि मनगटं पुढे केली. हातात आईच्या पाटल्या होत्या.

आईनं स्वतःच्या हातातून काढून तिच्या हातात घातल्या होत्या. म्हणाली होती, "माझा भाऊ गेला तेव्हा वहिनीच्या हातात काही उरलं नव्हतं. तुझ्या हातात असू देत. आणि त्याला दाखवू नकोस."

"मला चोरी केल्यासारखं वाटतंय," प्राजक्ता म्हणाली आणि रडायलाच लागली. मी चादरीच्या सुरकुत्या काढत बसलो.

सकाळी तिनं ठरवलं, बास. चहाच्या वेळी आईच्या पायाशी बसली आणि म्हणाली, "आई, मिलिंद पीत नाही. बिअर मी करते. पहिल्यापासून मीच करते."

आईनं तिच्याकडे टक लावून पाहिलं. मग तिला जवळ घेतलं, पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाली, "नवऱ्याचं पाप अंगावर घेतेस? किती गुणाची गं तू!"

आणि गळ्यातली मोहनमाळ काढून तिच्या गळ्यात घातली.

* * *

"आई, चला," प्राजक्ता म्हणाली. मोहनमाळ गळ्यात, पाटल्या हातात, तशीच आईला हाताला धरून गॅरेजमध्ये घेऊन गेली. खुर्ची मांडली. मशीनवरची चादर काढली. आणि आईच्या डोळ्यांसमोर कॅन भरायला लागली. कॅन पिंपाच्या नळीखाली, फेस वर आला की झाकण, मशीनवर ठेवला, दांडा ओढला, उलटा करून बघितला, पुढचा घेतला. पाटल्या किणकिणत होत्या.

मग मला म्हणाली, "आता तू कर."

मी आजवर फक्त धुतले होते. कॅन भरला, फेस ओसंडून चपलेवर आला. झाकण तिरकं बसलं. दांडा ओढला, तर कॅनची कंबर मोडली आणि सगळी बिअर माझ्या चष्म्यावर आणि आईच्या साडीवर!

आईनं शांतपणे पदर झटकला. "याला साधा डबा लावता येत नाही," ती म्हणाली. "हा कसला दारुडा!"

प्राजक्तानं पाटल्या काढून पुढे केल्या. आई म्हणाली, "घाल त्या. दिलेलं मी परत घेत नसते." आणि आत निघून गेली.

दुपारी ती एकटीच जेवली. संध्याकाळी मी भांडी घासत असताना मागे येऊन उभी राहिली. "खरंच थेंबही नाही ना रे?"

"नाही गं आई."

ती तिथेच ओट्याला टेकली आणि तोंडावर पदर घेऊन रडली. मला वाटलं होतं की मी फार शहाणपणा केला, बायकोला वाचवलं. इतके दिवस ही बाई रोज रात्री आपल्या भावाचं मरण पुन्हा बघत झोपत होती, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. ग्रेगच्या घरी, कुलकर्णीकाकांसमोर जी वाटली ती कसली लाज! खरी लाज मला त्या ओट्यापाशी वाटली. हाताला साबण होता, म्हणून तिचे डोळेही पुसता येईनात.

* * *

आता राहिलं मिरज.

आईचा परतीचा दिवस आला तरी बेबीमावशीला आणि पर्यायानं सगळ्या जगाला मी दारुडाच होतो. मी म्हणालो, "आई, राहू दे माझंच नाव. सुटली म्हणून सांग." प्राजक्ता म्हणाली, "अजिबात नाही. मी स्वतः मावशींना फोन करून खरं सांगते." मी म्हणालो, तुला तिथे परत तोंड दाखवायचंय. ती म्हणाली, तुला नाही का दाखवायचं! आमची गाडीत चांगलीच जुंपली. मागच्या सीटवरून आई म्हणाली, "दोघंही गप्प बसा."

एअरपोर्टवर तिला व्हीलचेअर मिळाली. ढकलणारा माणूस यायचा होता, तेवढ्यात बेबीमावशीचा फोन आला. आई फोन नेहमी स्पीकरवर ठेवते, कानाला लावला की तिला बोलता येत नाही.

"ताई, निघालीस का गं? मिलिंदची सुटली का?"

"त्याची नव्हतीच ती," आई म्हणाली.

"म्हणजे? एवढे डबेच्या डबे कुणाचे मग?" मावशीचा आवाज चढला. "सुनेचे की काय?"

प्राजक्तानं माझा हात धरला. आजूबाजूला दोन-तीन मराठी कुटुंबं होती, तीही बॅगांचे पट्टे आवळता आवळता थांबली. व्हीलचेअरवाला माणूस आला, त्यानं ब्रेक काढला. आईनं त्याला हातानं जरा थांब म्हणून खूण केली, मांडीवरची पर्स सरळ केली आणि फोन तोंडाजवळ धरला.

"माझे गं," ती म्हणाली. "दुपारी वेळ जात नव्हता."