गुणाजीची शपथ

गुणाजीने देवळात खोटी शपथ घेतली, असं आमच्या वाडीत वर्षभर सगळे म्हणत होते. सगळ्यात मोठ्याने मी म्हणत होतो.

मालवणच्या दक्षिणेला आमची वाडी. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून दोरांनी ओढायचं मोठं जाळं, तिचा कारभार माझ्याकडे. गुणाजी माझ्याच वयाचा, पण लहानपणापासून दम्याचा. दोराला हात लावला की छाती भात्यासारखी वर-खाली व्हायची. म्हणून माझ्या वडिलांनी त्याला वाळूच्या उंचवट्यावर टेहळणीला बसवलं. पाण्याचा रंग जरासा बदलला की तो पंचा हलवायचा आणि आम्ही होडी लोटायचो. वीस वर्षांत त्याची नजर चुकली नाही. त्या नजरेमुळेच त्याला मान होता.

२००४ साली तो भरदिवसा बसल्या जागी पेंगायला लागला. बांगड्याचा थवा समोरून निघून गेला. एकदा नव्हे, तीनदा. डोळे लाल, तोंड सुजलेलं. माणसं म्हणाली, पितो. मी पडलो तापट. त्याला रवळनाथाच्या देवळात नेलं आणि नारळावर हात ठेवायला लावला.

"दारूक मी हात लावूक नाय," तो म्हणाला.

दुसऱ्याच दिवशी सकाळी नऊ वाजता तो उंचवट्यावर घोरत होता!

मग काय विचारता. टेहळणी गेली. त्याच्या हातचा प्रसाद कुणी घेईना. दमा बळावला, तेव्हा देवाने दाखवलं म्हणणाराही मीच.

पुढच्या वर्षी त्याची बायको तुळसा त्याला कुडाळच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. पंप ओढूनही दमा आटोक्यात का येत नाही, ते डॉक्टरांना उमगेना. झोपेत घोरतात का, असं त्यांनी विचारलं.

"घोरता तवसर बरा," तुळसा म्हणाली. "मधीच आवाज बंद पडता, मगे मी हालवतंय."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि त्याला झोपेच्या तपासणीसाठी कोल्हापूरला धाडलं. घोरता घोरता गुणाजीचा घसा मिटत होता, तासाला चाळीस वेळा श्वास अडत होता. रात्री झोप अशी नव्हतीच, ती दिवसा त्याला गाठत होती. दमाही त्यामुळे बळावत होता. दोन्ही दुखणी एकमेकांना खतपाणी घालत होती.

डॉक्टर नाकाला लावायचं यंत्र समजावू लागले. गुणाजीने त्यांना थांबवलं. "ता मगे. आधी ह्या कागदार लिवन द्या. मराठीत."

त्याला वाचता येत नव्हतं. देवळात सगळ्यांसमोर त्याने तो कागद माझ्याच हातात दिला. मी वाचायला लागलो. 'झोपेत श्वास अडतो, म्हणून दिवसा झोप आवरत नाही. नशेचा काही संबंध नाही.' मला स्वतःची लाज वाटली, इतकी की मान वर होईना.

"उद्यापासून टेहळणीक बस," मी कसंबसं म्हणालो.

"यंत्र लागांदे, मगे बसतंय."

कागद देवाच्या पायांशी ठेवावा म्हणून मी गाभाऱ्याकडे वळलो. त्याने माझा हात धरला.

"देवाक ठावक होता, गुरुदास," तो म्हणाला. "ह्यो तुझ्याकडे ऱ्हवांदे."