धुरींची गाडी आणि पार्कसाईटचा चढ

विक्रोळी पार्कसाईटला राहायला यायचं तर आधी गुडघे तपासून घ्यावेत, असं चंद्रप्रकाश धुरी येणाऱ्याजाणाऱ्याला हसत सांगायचे. तेव्हा त्यांचे आणि वनमालाबाईंचे, दोघांचेही गुडघे धड होते. खालच्या रस्त्यावरून त्यांच्या चाळीपर्यंतचा चढ असा, की रिक्षावाला नुसतं नाव ऐकून मान फिरवतो. "उपर नहीं जायेगा," म्हटलं की तो मोकळा. मग वनमालाबाईंचा उजवा गुडघा गेला. डॉक्टरांनी आठवड्यातून तीनदा खाली फिजिओथेरपीला यायला सांगितलं, आणि धुरींचं ते हसणं बंद झालं.

त्या वस्तीत ज्याला चालवत नाही त्याला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून उचलून नेतात. खुर्ची मंडळाची, उचलणारे मंडळाचे, कुणी एक पैसा मागत नाही. पण वनमालाबाईंनी नवऱ्याला निक्षून सांगून ठेवलं होतं, "माका त्या खुर्चेत बसवूचा नाय हां. त्या खुर्चेत जो बसलो, तो परत आपल्या पायांनी चढलो नाय." खोटं नव्हतं ते. शेजारच्या रत्नप्रभाबाई एकदा खुर्चीतून खाली गेल्या, त्यानंतर दोन वर्षं जेव्हा जेव्हा घराबाहेर पडल्या, तेव्हा खुर्चीतूनच. शेवटच्या वेळी तर परत आल्याच नाहीत.

म्हणून गाडी. त्याच सुमारास धुरी रिटायर झाले, तेव्हा दहिसरला राहणाऱ्या नितेशने, त्यांच्या मुलाने, बापाला नवीकोरी मोटरसायकल घेऊन दिली होती. लहान, हलकी, वनमालाबाईंना मागे चढता येईल एवढ्याच उंचीची. सगळं झकास, फक्त एक सोडून. दोघं बसले की गाडी चढावर अर्ध्यात धापा टाकायची. पहिल्या फुकट सर्व्हिसिंगला धुरींनी शोरूममध्ये तक्रार केली, तर तिथला माणूस वर न बघता म्हणाला, "काका, ही एवढीच ओढणार. मोठी घ्या." मोठी घ्या म्हणे! मोठ्या गाडीच्या सीटवर वनमालाबाईंना चढवायला वेगळी शिडी घ्यायची का?

आता धुरी म्हणजे कोण, हे त्या माणसाला कुठून माहीत असणार? विक्रोळीच्या एका मोठ्या कारखान्यात एकतीस वर्षं टूलरूममध्ये काढलेला हा माणूस. लोखंडावरून बोट फिरवून मिलिमीटरचा कितवा हिस्सा जास्त आहे ते सांगायचा आणि मग मोजून बघितलं तर तेवढंच निघायचं. पण एकतीस वर्षांत एकाही साहेबाने कधी "धुरी, काय काम केलंय रे!" असं म्हटलं नाही. "ठीक आहे" म्हणायचे आणि सही करायचे. जाताना शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. ते घड्याळ महिन्याला दहा मिनिटं मागे पडतं.

तर धुरींनी स्वतःच इंजिन उघडलं. चाळीच्या पॅसेजमध्ये वर्तमानपत्रं पसरली, वनमालाबाईंच्या ताटात नटबोल्ट मांडले ("माझा चांगला ताट!" "धुवून देतंय गो!"), आणि सिलिंडरचा ब्लॉक घेऊन घाटकोपरला रतनच्या गाळ्यात गेले. रतन म्हणजे कारखान्यातला जुना जोडीदार, त्याच्याकडे स्वतःचं लेथ आहे. तिथे ब्लॉक बोअर करून, म्हणजे आतून कोरून रुंद करून घेतला, मोठा पिस्टन बसवला. वरचं झाकण, म्हणजे हेड, आतून घासून आरशासारखं केलं, मागचं चेनचं दातेरी चाक दोन दातांनी मोठं घातलं. नितेश फोनवर ओरडला, "बाबा, वॉरंटी जाईल!" धुरी म्हणाले, "वॉरंटी काय चढ चढणार आहे काय रे?"

आणि गाडी ओढायला लागली! चार महिने काय ऐट होती. वनमालाबाई मागे, पिशवी मांडीवर, आणि गाडी दुसऱ्या गिअरमध्ये चढावर. पाण्याच्या टाकीजवळची माणसं बघत राहायची. "काका, गाडी मस्त पळते हां," म्हणायची. आतलं काम कुणाला कळत होतं? धुरी नुसते मान हलवायचे.

मग एका मंगळवारी ऐन चढावर मीटरमधला पिवळा दिवा लागला आणि गाडी बंद पडली. मागे घसरायला लागली. धुरींनी दोन्ही पाय रोवून ती कशीबशी धरली, वनमालाबाई ओरडत उतरल्या. त्यानंतर रोज तेच. धुरींनी सगळं उघडून पाहिलं. पिस्टन ठीक, व्हॉल्व्ह ठीक, लोखंडात कुठेच खोट नाही. घोडं पेंड खात होतं ते पेट्रोलच्या पंपात नाहीतर इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरच्या काळ्या डबीत. पंप टाकीत सीलबंद, ना त्याला स्क्रू ना नट. त्यापुढे धुरींचे हात चालेनात. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना आपल्या हातांचा राग आला.

नितेशने बजावलं, "शोरूमला न्या. दिवा लागतो, एवढंच सांगा. इंजिनबद्दल एक अक्षर बोलायचं नाही. ते वरवर बघतात, त्यांना कळणार पण नाही. कळलं ना बाबा?"

"कळला रे. ल्हान पोर आसंय काय मी?"

शुक्रवारी वनमालाबाईंना खाली फिजिओथेरपीला सोडून, वाटेत तीनदा थांबत, धुरी शोरूमला पोहोचले. नव्याने आलेला सर्व्हिस ॲडव्हायझर होता, सुयोग नावाचा. त्याने डबीला वायर जोडली, स्क्रीनवर पाहिलं आणि हसला. "काका, टेन्शन नाही. पंप गेलाय. या लॉटमध्ये पंपाचा प्रॉब्लेमच आहे, कंपनी सगळ्यांना फुकट बदलून देते. दोन दिवसांत मिळेल गाडी."

म्हणजे खोट कंपनीची होती! धुरींच्या कामाची नव्हतीच! त्यांच्या छातीवरून धोंडा उतरला. तेवढ्यात सुयोगने गाडी चालू केली, कान दिला, पुन्हा रेस केली आणि आपणहून म्हणाला, "काका, पण इंजिनचा आवाज काय सुंदर आहे हो. अशी स्मूथ गाडी मी बघितली नाही. हे काम कुणाचं आहे?"

हे काम कुणाचं आहे? एकतीस वर्षं कुणी विचारलं नव्हतं ते.

आता माणसाने गप्प बसावं की नाही? बसावं. पण नाही बसवलं हो. "माझं," धुरी म्हणाले. मग बांध फुटला. बोअर किती केला, पिस्टन कुठला, हेड घासायला पाच दिवस कसे लागले, सगळं सांगितलं. सुयोग खरंच ऐकत होता. मध्ये मध्ये "क्या बात है काका" म्हणत होता. मागे त्याचा मॅनेजर हर्षद कधी येऊन उभा राहिला, ते दोघांनाही कळलं नाही.

हर्षदने एकच वाक्य म्हटलं, "इंजिन उघडलंय ना? मग टाक तसं सिस्टीममध्ये." सुयोगने टाकलं. टाकताना धुरींकडे बघितलं नाही.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. इंजिन उघडलेल्या गाडीला कंपनी पंप पाठवत नाही. पंप गाडीच्या नंबरावर येतो, दुकानात मिळत नाही. "विकत द्या," धुरी म्हणाले. विकायला नाही. "मग करू काय?" ब्लॉक, पिस्टन, हेड, सगळं नवं घालून इंजिन होतं तसं करायचं, मग कंपनीकडे अर्ज. म्हणजे पंप मिळेल, आणि गाडी चढावर पुन्हा धापा टाकेल. बोअर केलेला ब्लॉक परत लहान होत नाही, हे धुरींना कुणी समजावायला नको होतं.

सुयोग त्यांना दारापर्यंत सोडायला आला. "सॉरी काका. मी विचारायलाच नको होतं."

"नाही रे. विचारलंस ते बरं केलंस," धुरी म्हणाले, आणि रस्त्यावर आल्यावर त्यांना रडू आलं.

वनमालाबाई फिजिओथेरपीच्या पायरीवर वाट बघत होत्या. नवरा चालत येताना दिसला, हातात दोन हेल्मेटं.

"गाडी खय?"

"थयच रवली. आता चालूच होयना." मग त्यांनी सगळं सांगितलं, स्वतःला शिव्या घालत सांगितलं. नितेशचा फोन वाजत होता, तो उचलला नाही. "माझ्या जिभेन घात केलो गो. तोंड गप ठेवलं असतंय तर तू आता घराक जाऊन बसली असतंस."

वनमालाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तेना खराच बरा म्हटल्यान? तुमच्या कामाक?"

"म्हटल्यान."

"मगे होऊ दे. चला, हात देवा."

रेशनच्या दुकानापर्यंत त्या चढल्या. खरा चढ तिथून पुढे सुरू होतो. चार पावलांवर गुडघ्याने दगा दिला आणि त्या दुकानाच्या कट्ट्यावर बसल्या, त्या उठेनात. धुरींनी एकदा उचलायचा प्रयत्न केला, दोनदा केला. रेशनवाल्याने वर फोन लावला. पाच मिनिटांत मंडळाचे दोघं आले, निळी प्लास्टिकची खुर्ची घेऊन.

वनमालाबाईंनी खुर्चीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं. पदर सावरून बसल्या.

धुरी खुर्चीचा पाय धरायला वाकले. "काका, तुम्ही नका, तुम्हाला झेपायचं नाही," एक जण म्हणाला. "तुम्ही हेल्मेटं धरा."

खुर्ची उचलली गेली. धुरी दोन्ही हातांत हेल्मेटं घेऊन तिच्या मागून चढ चढू लागले.