चाचीच्या झिऱ्याची वाळू

अन्याय झाला तो पिंजारी गल्लीतल्या चाचीवर. मागच्या वर्षी, अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी साडेनऊला. करणारे आम्ही, नदी वाचवायला निघालेली गावातली पोरं. पत्रकं लिहिणारा मी.

आमच्या नदीत उन्हाळ्यात पाणी दिसायचं नाही. पण चाची पुलाखालच्या वाळूत हातभर झिरा उकरायची, वाटीवाटीनं हंडा भरायची. गल्लीतली सगळी घरं त्यावरच. नळ तिथवर पोचलेलाच नाही. आम्हाला मात्र फोटोत दिसेल असं पाणी हवं होतं. नदी खोल करायची, रुंद करायची, बस्स.

पोकलेन उतरलं तेव्हा चाची झिऱ्यापाशी वाटी घेऊन उभी राहिली.

"वाळू नका काढू रे. पानी वाळूच्या पोटात ऱ्हातं. उघडं टाकलं तर ऊन पिऊन टाकंल."

"चाची, आता होडीत बसून पानी भरा तुमी," मी म्हणालो. पोरं हसली, ड्रायव्हरही हसला.

"बसंन की. वल्हवायला तू येशील ना?" म्हणाली आणि बाजूला झाली.

त्याच आठवड्यात सोनईहून पत्रक छापून आणलं. त्यात मी लिहिलं, 'काही स्वार्थी लोक स्वतःच्या खड्ड्यासाठी नदीची अडवणूक करत आहेत.' नदीत खड्डा एकच होता. कुणाचा, ते सगळ्यांना कळलं.

पावसाळ्यात नदी काठोकाठ भरली. आम्ही फोटो काढले, हार घालून घेतले. होळीपर्यंत सगळं आटलं. खाली उघडा खडक, उकरायला वाळूच नाही.

परवा माफी मागायला गेलो. चाची डांबरी रस्त्यापलीकडच्या विहिरीवरून हंडा घेऊन येत होती. मी तोंड उघडायच्या आत तिनं तांब्या भरून पुढं केला.

"पी बेटा. लई बोलतोस तू, घसा सुकला असंल."

प्यायलो. माफीचं वाक्य पाठ केलं होतं, त्याऐवजी घरी येऊन हे नवं पत्रक लिहायला बसलो.

थोडी वाळू बांधकामांना गेली. बाकीचा ढीग शाळेच्या भिंतीमागं पडलाय. गावकऱ्यांनो, मागच्या वर्षी माझं पत्रक वाचून ही वाळू वाहायला तुम्हीच ट्रॅक्टर दिले होते. आता रविवारी सकाळी पुन्हा आणा. ट्रॉली नसेल तर पाटी आणा. पावसाच्या आधी ती वाळू पुलाखाली परत टाका. आणि कुठं ओतायची ते मला विचारू नका, चाचीला विचारा.