भरलेलं मॅगझिन

पेन्शनीत निघालो आणि वर्षभरात अबू धाबीला आलो. शहराबाहेरच्या एका शूटिंग क्लबमध्ये रेंज सेफ्टीचं काम. फौजेत नायब सुभेदार होतो, इथे सगळ्यांचा ‘हबीबी’ झालो. सकाळी हत्यारं साफ करायची, हौशी लोकांच्या हातात द्यायची आणि नळी भलतीकडे वळत नाही ना, एवढं बघायचं. ज्या हत्यारांच्या भरवशावर आम्ही जगलो, ती इथे सुट्टीचा खेळ. राग यायचा. पगारासाठी गिळायचो.

अबू सालेम हे तिथले निवृत्त अरब अधिकारी, क्लबचे जुने मेंबर. एका दुपारी त्यांनी स्वतःचं नवं पिस्टल माझ्यासमोर ठेवलं.

“सुभेदार, तुम्हारा पुराना नाइन एमएम. लेकिन डबल ॲक्शन.”

घडण आमच्याच पिस्टलची, पकडही तीच. फरक एकच. आमच्या पिस्टलचा हॅमर आधी मागे चढवल्याशिवाय ट्रिगर दाबून काही होत नसे. यात गोळी नळीमागच्या चेंबरमध्ये तयार, हॅमर खाली, तसंच कमरेला लावून बिनधास्त फिरा. वेळ आली की फक्त ट्रिगर ओढा. एक हात पुरे.

त्यांनी आग्रह केला म्हणून मी फायर केलं. पहिला ट्रिगर लांब आणि जड, पुढचे हलके. गोळ्या छान एका जागी बसल्या. अबू सालेम “माशाल्ला” म्हणाले. मला मात्र लान्स नाईक सदाशिव दिसत होता.

आमची कंपनी तेव्हा काश्मीरमध्ये होती. सदाशिव रॉकेट लाँचरवाला. खांद्यावर लाँचर, म्हणून रायफल नाही, जवळ फक्त पिस्टल. एका साहेबाच्या हातून टेंटमध्ये चुकून गोळी सुटली. दुसऱ्या दिवशी ऑर्डर आली, पिस्टलवाल्या सगळ्यांनी चेंबर रिकामं ठेवायचं, गोळ्या फक्त मॅगझिनमध्ये. गोळी सुटली साहेबाची, चेंबरं रिकामी झाली जवानांची.

त्याच आठवड्यात नाल्यात आमच्या पेट्रोलिंग पार्टीवर फायर आला. सदाशिवचा डावा कोपर फुटला. तो एका दगडामागे, मी पलीकडच्या काठावर. आमच्यामध्ये अतिरेक्यांच्या मशीनगनचा मारा.

रेडिओवर विचारणा झाली, “टू, रिपोर्ट.”

“एक जखमी. कव्हर द्या,” मी म्हणालो.

“वेट. आउट.” रेडिओ बंद.

सदाशिवने पिस्टल गुडघ्यांत धरलं. गोळी चेंबरमध्ये घ्यायला स्लाइड मागे ओढावी लागते आणि त्याला दोन हात लागतात. त्याचा एकच हात चालत होता, तोही रक्ताने निसरडा. मी बघत होतो. तो ओढत होता. दोघं अतिरेकी दगडाला वळसा घालून आले तेव्हाही तो ओढतच होता.

मॅगझिन भरलेलं सापडलं. चौकशीत मी पाहिलं ते सांगितलं. “ठीक है साब, बैठिये,” एवढंच उत्तर मिळालं. गावी मात्र बातमी पोचली ती अशी, की त्याने एकही गोळी झाडली नाही. पुढचं गावाने जोडलं. सदाशिव घाबरला.

त्याचा धाकटा भाऊ मोहन इथेच, अबू धाबीजवळ मुसफ्फाला केटरिंग करायचा, राहायचा मोहम्मद बिन झायद सिटीत. सदाशिवचा वर्दीतला फोटो त्याने कपाटात उलटा ठेवला होता. मी कितीदा सांगितलं. दर वेळी तो म्हणायचा, “सुभेदारकाका, तुम्ही त्याचे साहेब. तुम्ही त्याच्या बाजूनेच बोलणार.”

अबू सालेमना सगळं सांगून विचारलं, मोहनला तुमचं पिस्टल हातात देऊ का. ते म्हणाले, “यल्ला, ले आओ उसको.”

मोहनला रेंजवर उभं केलं. पिस्टलमध्ये मॅगझिन घातलं, चेंबर रिकामं.

“डावा हात पाठीमागे. आता फायर कर.”

त्याने ट्रिगर ओढला. नुसता टक. मग स्लाइड मागे घ्यायला लागला. गुडघ्यात धरलं, पट्ट्याला घासलं. घामाने हात सटकत राहिला. मी नळीची दिशा धरून होतो.

“बस कर,” मी म्हणालो. “तुझा कोपर तरी शाबूत आहे.”

मग मी गोळी चेंबरमध्ये घेतली, हॅमर खाली उतरवला आणि पिस्टल परत दिलं. “आता. तसाच, एका हाताने.”

पहिल्याच ओढीला गोळी गेली. मोहनने पिस्टल सांभाळून टेबलावर ठेवलं आणि खाली बसला.

“तो घाबरला नव्हता,” तो म्हणाला. मग परत बोलला, “काका, घाबरला असता तर निदान त्याची चूक म्हणून विसरलो असतो. आता कोणाला धरू?”

  ऑर्डर देणारे साहेब पुढे बढती घेऊन निवृत्त झाले.

पुढच्या शुक्रवारी मोहनकडे जेवायला गेलो. फोटो भिंतीवर होता, त्याला ताजा हार. त्याची मुलगी फोटोसमोर उभी होती.

“बाबा, हू इज धिस?”

“तुझे मोठे काका. सोल्जर होते.”

“हाउ डिड ही डाय?”

मोहनने माझ्याकडे पाहिलं.

“ऑर्डर पाळली म्हणून,” तो म्हणाला.